कोंबडीचे पिवळे पाय

परसदारी दाणे टिपणाऱ्या कोंबडीच्या पायांकडे कोणी निरखून पाहत नाही. शेतकऱ्याचे लक्ष तिच्या अंड्यांवर, खवय्याचे तिच्या मांसावर. परंतु त्या पायांच्या रंगातच तिच्या कुळाची एक विसरलेली कथा दडलेली होती, आणि ती उलगडण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८६८ साली चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी व वनस्पती यांवरील आपल्या ग्रंथात असा निष्कर्ष काढला, की साऱ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज एकच : तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीत व दक्षिण भारताच्या रानांत आढळणारा करडा रानकोंबडा त्याने या वंशावळीतून वगळला. पाळीव कोंबडीशी त्याचा संकर केल्यास निपजणाऱ्या पक्ष्यांची प्रजननशक्ती क्षीण असते, हा त्याचा एक आधार होता. निष्कर्ष सयुक्तिक होता, आणि तो दीर्घकाळ मान्य राहिला.

पुढे १९०० साली मेंडेलचे विस्मृतीत गेलेले आनुवंशिकतेचे नियम पुन्हा उजेडात आले. ते वनस्पतींप्रमाणे प्राण्यांनाही लागू पडतात, हे १९०२ साली इंग्लंडच्या विल्यम बेटसनने कोंबड्यांवरूनच दाखविले. पांढरी त्वचा प्रभावी, पिवळी अप्रभावी. शुद्ध पांढऱ्या व पिवळ्या त्वचेच्या जोडीची पिले पांढऱ्या त्वचेची होतात, आणि नातवंडांत सुमारे चौथ्या हिश्श्याला पिवळा रंग पुन्हा प्रकट होतो. पायांवर मात्र दोन थरांचा खेळ चालतो. आतल्या थरात काळे रंगद्रव्य असेल, तर पांढऱ्या त्वचेखाली पाय निळसर करडे दिसतात, आणि पिवळ्या त्वचेखाली हिरवट.

हा पिवळेपणा येतो मका व हिरवा पाला यांतील कॅरोटिनॉइड द्रव्यांतून. पांढऱ्या त्वचेत एक विकर या द्रव्यांचे विघटन करते. पिवळ्या त्वचेत ते बनविणारे जनुक निद्रिस्त असते. २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह या जनुकाचा माग काढला, तेव्हा पिवळ्या पायांच्या कोंबडीतील त्याची प्रत तांबड्या रानकोंबड्याच्या प्रतीशी जुळेना. ती जुळली करड्याशी. करड्याचा वावर भारतीय द्वीपकल्पापुरता असल्यामुळे, हा संकर याच भूमीवर कधी काळी घडला असावा, हे अनुमान स्वाभाविक ठरते.

युरोपातील प्राचीन हाडांवरील २०१४ सालच्या अभ्यासाने कथेत आणखी एक भर घातली. पिवळ्या त्वचेचा हा गुण तेथे सार्वत्रिक झाला तो गेल्या पाचेकशे वर्षांत. म्हणजे जे लक्षण अनादि वाटते, ते माणसाच्या अलीकडच्या आवडीनिवडीचेही फळ असू शकते.

डार्विनचा सिद्धान्त यामुळे कोसळला नाही. कोंबडीच्या वंशाचा मुख्य धागा तांबड्याचाच आहे. परंतु ज्याला त्याने कुळाबाहेर ठेविले, त्या करड्या रानकोंबड्याची खूण जगभरच्या असंख्य कोंबड्या आजही आपल्या पायांवर वागवीत आहेत. सहस्रावधी वर्षे माणसाच्या अंगणात वाढलेल्या पक्ष्याचा वंशही जर असा मिश्र निघतो, तर शुद्ध कुळाचा अभिमान कोणी किती धरावा, याचा विचार करावयास हरकत नाही.