साक्रीची जुनी पेठ

1818 साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला, त्या वेळी धुळे हे पांझरेकाठचे लहानसे गाव होते. पुढल्याच वर्षी तेथे अवघी 401 घरे आणि 2509 माणसे असल्याची नोंद सापडते. प्रांताचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी आपले ठाणे येथे आणले, कचेऱ्यांसाठी मंजुरी मिळविली आणि दूरदूरचे कारागीर बोलावले. पण कचेऱ्यांनी पेठ वसत नाही, हे त्यांना ठाऊक असावे. व्यापाऱ्यांना व इतरांना त्यांनी घरासाठी जागा दिली ती कायमची बिनभाड्याची. शिवाय पक्के घर बांधता यावे म्हणून जुन्या रहिवाशांना आणि परक्यांनाही उचल दिली. 1872 पर्यंत वस्ती 12,489 वर गेली. धुळेकर आजही 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असा पत्ता सांगतात, तो त्या सरळ आखणीचा वारसा होय.

या हकिकतीतला उचलीचा भाग आम्हांस मोलाचा वाटतो. पेठ उभी राहिली ती सरकारी हुकमाने नव्हे. घरमालकाच्या हाती पैसा आला म्हणून. आज जुनी पेठ राखायची भाषा होते तेव्हा नेमके हेच विसरले जाते.

धुळ्याच्या पश्चिमेस, सुरतेच्या रस्त्यावर, कान नदीच्या काठी आपले साक्री आहे. तालुका पूर्वी पिंपळनेरच्या नावाने ओळखला जाई. पुढे साक्रीचे नाव लागले. साक्री, पिंपळनेर, निजामपूर या गावांच्या जुन्या वस्तीतून चालत गेले की रस्त्याला लागून ओटा, त्यामागे सागवानी खांब, वर धाबे अशी घरे अजून भेटतात. डांगचे जंगल जवळ, म्हणून सागाची वाण नव्हती. धाब्याची रीत अशी : तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्या-पाला आणि त्यावर खारट पांढऱ्या मातीचा जाड थर. खानदेशच्या उन्हाळ्यात या छताखाली जो गारवा मिळतो तो स्लॅबच्या घरात पंखा लावूनही मिळत नाही. मात्र दर वर्षी मृगापूर्वी वर माती टाकावी लागते, चोपावी लागते. ते काम जाणणारी माणसे कमी झाली. एखादे वर्ष चुकले की तुळईच्या टोकाशी पाणी मुरते. मग घरधनी मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो. आतली ओल आतच कोंडते, भिंत फुगते, आणि पाडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नक्षीचे खांब जुन्या लाकडाचा व्यापारी घेऊन जातो. ते कुठल्या तरी शहरातल्या हॉटेलात शोभेला उभे राहतात.

कायदा काय करतो? याच तालुक्यातील बळसाणे येथील प्राचीन मंदिरे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु 1958 चा कायदा स्मारकांसाठी आहे. नांदत्या घरांच्या रांगेसाठी नाही. रांगेसाठी, म्हणजे अख्ख्या वस्तीसाठी, नियम झाला तो 1995 मध्ये मुंबईत. इमारतींच्या श्रेणी ठरल्या, वस्त्यांचीही नोंद झाली. गिरगावची खोताची वाडी आपल्या वाचकांपैकी अनेकांना परिचित असेल. लाकडी सज्जांची, बाहेरून जिना असलेली ती ईस्ट इंडियन कुटुंबांची घरे एके काळी साठांवर होती. आज निम्मीही उरलेली नाहीत. यादीत नाव लागले. पण डागडुजीचा खर्च कुटुंबावरच राहिला. वारस वाढले, कुणी परदेशी गेले, आणि भोवताली मजले चढत असताना एका माळ्याचे घर टिकवणे म्हणजे दर महिन्याला तोटा सोसणे झाले. अशा कुटुंबाने घर विकले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस तरी वाटत नाही.

साक्रीला आता नगरपंचायत आहे. तिने केवळ 'पाडू नका' असे फर्मान काढले, तर लोक एखाद्या पावसाळ्यात घर आपोआप पडू देतील. घरपट्टीत सूट, धाब्याच्या मातीसाठी आणि तुळई बदलण्यासाठी थोडे अनुदान किंवा बिनव्याजी उचल, आणि हे काम जाणणाऱ्या गवंडी-सुतारांना रोजगार : एवढे झाले तरी एका गल्लीपुरता आरंभ होईल. ओट्याची रेषा आणि दर्शनी खांब तेवढे राखून मागे हवे तसे बांधू द्यावे. सगळेच जसेच्या तसे ठेवा हा आग्रह श्रीमंत गावांना परवडतो.

ज्यांना घर पाडावेच लागणार आहे त्यांना एक विनंती. आधी मोजमाप घ्या, चारी बाजूंनी छायाचित्रे काढा आणि माळ्यावरची बोचकी रद्दीत घालू नका. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगावच्या घरांतून असेच कागद गोळा करीत हिंडले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. साक्रीहून धुळ्याला एस.टी. दिवसभर असते.