विंबल्डनची ‘अखंड परंपरा’
* लेखकाने विंबल्डनला ‘कधीच न बदललेली स्पर्धा’ म्हटले आहे. ते पांढऱ्या पोशाखापुरते फार तर मान्य करता येईल. १८७७ साली ती केवळ पुरुष एकेरीची होती. महिला एकेरी १८८४ मध्ये आली. गतविजेत्याने थेट अंतिम लढतीलाच उतरायचे, ही आज अजब वाटणारी सवलत १९२२ मध्ये गेली. त्याच वर्षी स्पर्धाही वर्पल रोडवरून चर्च रोडला हलली. व्यावसायिकांना दार उघडले ते १९६८ मध्ये. निदान गवत तरी तेच ना, असे कोणी म्हणेल. तेही नाही. २००१ पासून पूर्वीचे मिश्रण सोडून निव्वळ रायग्रास पेरतात आणि स्पर्धेसाठी ते आठ मिलिमीटरवर राखतात. कोर्ट टणक झाले, चेंडू अधिक उसळू लागला. मात्र सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणारे खेळाडू दुर्मीळ झाले, त्याचे खापर एकट्या गवतावर फोडू नये. रॅकेटच्या नव्या पॉलिस्टर तारांचाही त्यात मोठा वाटा आहे. — संपादक