प्रवासी जहाजातील चढ-उतार

प्रवासी जहाजातील चढ-उतार : बंदराच्या धक्क्यावरून किंवा लहान होडीतून प्रवाशाने जहाजावर जाणे आणि मुक्काम आल्यावर जमिनीवर येणे, तसेच त्यासाठी लागणारी शिडी, माणसे व तपासणी यांची व्यवस्था. जालना जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांच्या दक्षिण अंगाने वाहणारी गोदावरी हेच तेथील मोठे पाणी. तरीही हजयात्रा, घारापुरीच्या सहली आणि अलीकडच्या क्रूझ यांमुळे मुंबई बंदराशी या जिल्ह्याचा संबंध आला. पश्चिम किनाऱ्यावरील एक अत्यंत भीषण प्रवासी दुर्घटना ज्या बोटीवर घडली, तिचे नावही रामदास होते. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे.

जहाज दोरखंडांनी धक्क्याला कितीही घट्ट बांधले, तरी ते स्थिर नसते. मुंबई बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण चार मीटरचा फरक पडतो आणि तोही सहा-सव्वासहा तासांत. सकाळी जवळजवळ आडवी असलेली शिडी दुपारी चढण होऊन बसते. म्हणून शिडीचे वरचे टोक जहाजाला पक्के करतात, तर खालच्या टोकाला चाके असतात. पाणी चढेल-उतरेल तशी ती चाके धक्क्यावर मागेपुढे सरकतात. शिडीखाली जाळे बांधलेले असते आणि पायथ्याशी एक खलाशी उभा असतो. चाकांजवळ पाय ठेवू न देणे हे त्याचे मुख्य काम. मोठ्या क्रूझ जहाजाला पाण्यापासून थोड्या उंचीवर बाजूला दारे असतात. प्रवासी वरच्या डेकवर न चढता या दारांतून थेट आत जातो आणि पाण्याच्या पातळीनुसार कोणते दार उघडायचे ते ठरते. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक म्हणून सुरू झालेल्या इंदिरा गोदीत दरवाजे लावून पाणी कोंडता येत असल्याने आतील जहाजांना हा त्रास कमी. क्रूझ जहाजे लागतात तो बॅलार्ड पिअरचा वाढीव धक्का मात्र गोदीच्या बाहेर, उघड्या बंदरात आहे. तेथे भरती-ओहोटीचा हिशेब सोडून चालत नाही.

महाराष्ट्रात जहाजात चढण्या-उतरण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव कोकणच्या माणसाचा. मुंबईत भाऊचा धक्का हे त्याचे ठाणे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ च्या सुमारास तो बांधला. धक्क्यावर बोटीत शिरणे गर्दीचे असले, तरी पायाखाली दगड होता. खरी परीक्षा होती ती उतरताना. हर्णै, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा अनेक बंदरांत आगबोट किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात नांगर टाकून ती भोंगा देई आणि किनाऱ्यावरून पडाव, मचवे तिच्याकडे निघत. पडाव बोटीला भिडला की दोन्ही एका लयीत हलत नसत. लाटेवर पडाव वर येई तेव्हा तो शिडीच्या शेवटच्या पायरीला टेके आणि पुढच्याच क्षणी पुरुषभर खाली जाई. पाय टाकायचा तो पडाव वर असताना, खाली जाण्यापूर्वी. खलाशी दंड धरून हाक देई आणि त्या हाकेबरोबर उतरावे लागे. आधी पोरे झेलली जात, मग बाया, म्हातारी माणसे, आणि शेवटी ट्रंका, आंब्याच्या पेट्या, वळकट्या. ओहोटी असली तर होडी वाळूपर्यंतही येत नसे. मग उरलेले अंतर गुडघाभर पाण्यातून चालत किंवा खलाशाच्या पाठुंगळी बसून पार करायचे. पणजीला मांडवीच्या काठी धक्का असल्यामुळे तेथे हा प्रसंग येत नसे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. ते समुद्राच्या भीतीइतकेच या उतरण्याच्या अवघडपणामुळेही होते, कारण खवळलेल्या पाण्यात बोट चालू शकते, पण पडाव तिला भिडू शकत नाही. १९६० च्या दशकापासून कोकण सेवक आणि कोकण शक्ती या बोटींनी ही सेवा चालवली. १९८० चे दशक संपता संपता ती थांबली.

चढ-उताराचा विचार शिडीपाशी संपत नाही. जहाजावर आलेला प्रत्येक माणूस हे हलते वजन असते आणि तो कोठे उभा राहतो यावर जहाजाचा तोल अवलंबून असतो. १७ जुलै १९४७ रोजी, दिव्यांच्या अवसेला, रामदास ही बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. १९३६ मध्ये बांधलेली ही बोट ज्या स्वदेशी कंपनीची होती, तिने आपल्या बोटींना संतांची नावे दिली होती. सणासाठी गावी निघालेल्या माणसांनी ती भरली होती. अर्ध्या तासात काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात ती कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्याने दुपारपर्यंत मुंबईला याचा पत्ताच नव्हता. एका माणसाचे पोहत गेटवे ऑफ इंडियापर्यंत येणे हीच पहिली बातमी ठरली. चढताना माणसे मोजणे, त्यांना जागा नेमून देणे आणि निघण्यापूर्वी जीवरक्षक साधने दाखवणे हे आज प्रवाशाला वेळखाऊ वाटते. रामदासवरच्या माणसांची गत ध्यानात ठेवून त्याकडे पाहावे.

मराठवाड्यातून जहाज गाठणारा मोठा वर्ग हजयात्रेकरूंचा. हैदराबाद संस्थानाच्या काळात, १९०० मध्ये, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठता येऊ लागली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना हा यात्रेकरूंचा प्रसिद्ध उतारा. लस टोचल्याचा दाखला आणि यात्रेचा पास तपासल्यावरच शिडीवर पाऊल ठेवता येई. बहुतेकांचा प्रवास डेकवर, स्वतःच्या अंथरुणावर होई. मोगल लाइनची अकबरी, मुझफ्फरी, मोहम्मदी ही जहाजे अनेक कुटुंबांच्या आठवणीत आहेत. जेद्दाला पूर्वी प्रवाळखडकांमुळे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नसे आणि यात्रेकरू सांबुक नावाच्या शिडाच्या होड्यांतून उतरत. वेंगुर्ल्याच्या प्रवाशाची आणि जेद्दाच्या यात्रेकरूची अडचण एकच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे धक्का झाला. मुंबईहून समुद्रमार्गे हज १९९५ मध्ये संपली.

आजच्या क्रूझ जहाजावर चढणे विमान पकडण्यासारखे आहे. मुंबईहून २०१८ मध्ये आंग्रिया ही क्रूझ गोव्याकडे जाऊ लागली आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस सुरू झाले. बॅलार्ड पिअरवरील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. प्रवासी घरूनच नोंदणी करून येण्याची वेळ निवडतो. दोन हजार माणसे एकदम शिडीवर येऊ नयेत म्हणून ही विभागणी. मोठ्या बॅगांना खोलीचा क्रमांक असलेली पट्टी बांधून त्या धक्क्यावरच सोपवतात आणि त्या स्वतंत्र मार्गाने खोलीपर्यंत जातात. औषधे, ओळखपत्र आणि पहिल्या काही तासांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत, कारण बॅग संध्याकाळपर्यंतही येऊ शकते. सुरक्षा तपासणीनंतर छायाचित्र काढून कार्ड देतात. शिडीवर प्रत्येक वेळी ते यंत्राला दाखवायचे असते, त्यावरून कोण जहाजावर आहे आणि कोण किनाऱ्यावर, हे जहाजाला कळते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २०१५ पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच नव्याने चढलेल्या प्रवाशांना आणीबाणीची माहिती द्यावीच लागते. इटलीजवळ २०१२ मध्ये कोस्टा काँकॉर्डिया बुडाले, तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांना ती मिळालेली नव्हती.

उतरणे प्रवाशाच्या इच्छेवर नसते. बंदराचे आरोग्य अधिकारी, सीमाशुल्क आणि परदेशी फेरी असेल तर इमिग्रेशन यांनी मोकळीक दिल्याशिवाय शिडी उघडत नाही. शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आणि सकाळी आपल्या गटाचा क्रमांक पुकारला जाईपर्यंत थांबायचे, हा सर्वसाधारण क्रम. जानेवारी २०२२ मध्ये मुरगाव बंदरात कॉर्डेलिया जहाजावरील ६६ जण करोनाबाधित निघाले आणि जहाजाला मुंबईस परतावे लागले. गोवा समोर दिसत असताना सुमारे दोन हजार माणसे जहाजावरच राहिली. आजही ज्या बेटाला खोल धक्का नाही तेथे क्रूझ जहाज दूर नांगरते आणि प्रवाशांना लहान बोटींतून नेते. अवजड शरीराचे, गुडघेदुखीचे किंवा चाकाच्या खुर्चीवरचे प्रवासी अशा दिवशी अनेकदा जहाजावरच राहतात, म्हणून तिकीट काढतानाच प्रत्येक थांब्यावर धक्का आहे का हे विचारावे.

जालन्याहून आता हा प्रवास सोपा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत वाढली. समृद्धी महामार्गही जालन्यावरून जातो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअर फार लांब नाही. मात्र जहाज कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी मुंबईत येणे शहाणपणाचे.

जिल्ह्यातल्या अनेकांचा खाऱ्या पाण्याशी पहिला संबंध क्रूझवर नव्हे, तर शाळेच्या सहलीत गेटवेच्या दगडी पायऱ्यांवर येतो. घारापुरीच्या लाँचा तेथे एकीला एक लागून उभ्या असतात आणि कधी एका लाँचवरून दुसरीवर जावे लागते. पायऱ्या शेवाळलेल्या, कडेला लोखंडी कठडा नाही, आधार खलाशाच्या हाताचा. १८ डिसेंबर २०२४ रोजी नीलकमल या लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ माणसे दगावली, त्यानंतर जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. रेडिओ क्लबजवळ नव्या जेट्टीचे भूमिपूजन मार्च २०२५ मध्ये झाले. गेटवेवर उतरताना दोन्ही हात मोकळे ठेवावेत, लहान मुलाला कडेवर न घेता खलाशाच्या हाती द्यावे आणि लाँच पायरीला पूर्ण टेकेपर्यंत जागेवरून उठू नये.