पुण्याचं तिकीट, साल 1941

बेगडेवाडीच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. लोणावळ्याहून येणारी लोकल घोरावाडी सोडून निघालीय, इथून पुढे देहूरोड, आकुर्डी, चिंचवड करत ती पुण्याला जाईल. गहुंजेचं क्रिकेट मैदान इथून जवळ. सुमारे 37 हजार माणसं बसतील एवढं, 2012 साली उद्घाटन झालेलं. मोठा सामना असला की या एरवी निवांत असलेल्या स्टेशनावर निळे शर्ट घातलेली पोरं उतरतात आणि रिक्षावाल्यांशी घासाघीस करतात. आज सामना नाही. तुम्हाला हवाय तो सामना मुळात गहुंजेला झालेलाच नाही.

खिडकीवरचा माणूस विचारतो, "कुठलं?" तुम्ही म्हणता, "पुणे. महाराष्ट्रानं रणजी जिंकलेलं साल." तो वर बघतो. "लांब आहे. गाडी मागे मागे जाते. मधे हरलेली सालं लागतील, डब्यातून उतरायचं नाही."

तुम्ही चढता. खिडकीजवळची जागा मिळते, म्हणजे हे स्वप्नच असणार.

देहूरोड येईपर्यंत 2014 चा फेब्रुवारी लागतो. गाडी हैदराबादला जात नाही, पण डब्यातल्या प्रत्येक मोबाइलवर हैदराबादच चालू आहे. रणजीचा अंतिम सामना, समोर कर्नाटक. महाराष्ट्र 305 आणि 366. कर्नाटक 515, आणि आता जिंकायला लागणाऱ्या 157 धावा तीन गडी गमावून पुऱ्या. समोरचा पोरगा फोन खिशात टाकतो. गेल्याच महिन्यात वानखेडेवर 40 वेळच्या विजेत्या मुंबईला आठ गड्यांनी हरवलं होतं. केदार जाधवनं या मोसमात बाराशेच्या वर धावा काढल्यात. सगळं जुळून आलं होतं, आणि चषक बंगळुरूला गेला.

आकुर्डीला 1993. पंजाबविरुद्ध अंतिम सामना, लुधियानात. हार. खिडकी लावून घ्या, थंडी आहे.

चिंचवडला 1971, आणि इथे मात्र हसावं की रडावं कळत नाही. अंतिम सामना मुंबईशी. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर, मांकड हे मुंबईचे सगळे खंदे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. मुंबईच्या उरलेल्या संघाचा कप्तान सुधीर नाईक. अशी संधी पुन्हा येणार नाही, असं डब्यातला प्रत्येक माणूस दुसऱ्याला सांगतोय. पुढच्या स्टेशनावर चढलेल्या माणसाच्या हातात पेपर असतो. मुंबई जिंकली.

अंतिम फेरीत एवढ्या वेळा जाऊन रित्या हातानं परत येणं कुणाला दुर्दैव वाटेल. मला ते तसं वाटत नाही; प्रश्न संघ धरून ठेवणाऱ्याचा असतो. अमेरिकेत कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांची विजेतेपदं झेंड्यांवर लिहून व्यायामशाळेच्या छताला टांगतात. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठानं 1964 ते 1975 या बारा मोसमांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तेव्हाचा त्यांचा प्रशिक्षक जॉन वुडन आधी शाळेत इंग्रजी शिकवायचा. दहा झेंड्यांचं श्रेय उंच पोरांइतकंच त्या एका मास्तरला देतात, कारण पोरं चार वर्षांनी पदवी घेऊन जायची आणि मास्तर तिथेच राहायचा. तुम्ही निघालाय तेही एका मास्तरच्या शोधात. फरक इतकाच की हे मास्तर संस्कृतचे, आणि मैदानात स्वतः उतरणारे.

खडकी सोडल्यावर 1949. वाफेच्या इंजिनाचा कोळसा डोळ्यात जातो की काय असं वाटतं, पण नाही, या मार्गावर वीज वीसेक वर्षांपूर्वीच आलीय. पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र उपांत्य सामना खेळताहेत, आणि संपता संपत नाहीये. मुंबई 651. महाराष्ट्र 407. मुंबई पुन्हा 8 बाद 714. महाराष्ट्र 604. एकूण 2376 धावा, पहिल्या दर्जाच्या एका सामन्यात एवढ्या कधी झाल्या नव्हत्या. मुंबईकडून मंत्रींच्या 200, उदय मर्चंट आणि दत्तू फडकरांची दोन्ही डावांत शतकं. महाराष्ट्राकडून रेगेंचीही दोन, आणि शरद देवधरच्या 146. देवधर हे नाव लक्षात ठेवा, हा मुलगा; आपल्याला बाप हवाय. चौथ्या डावात 604 करून माणसं 354 धावांनी हरतात. काठावर बसलेला एक म्हातारा धोतराच्या सोग्यानं घाम पुसत म्हणतो, "हरलो खरे, पण जेवण झालं पोटभर."

तीन महिने मागे. 1948 चा डिसेंबर, पूना क्लबचं मैदान. इथे तुम्ही उतरताच, खिडकीवरच्या माणसाचं न ऐकता, कारण फलकावर भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443 आहेत. कोल्हापूरचा हा गडी नुकताच 29 वर्षांचा झालाय. समोर काठियावाड, पहिल्या डावात 238 वर गुंडाळलेला. महाराष्ट्र 4 बाद 826. भांडारकरबरोबर दुसऱ्या गड्यासाठी 455 धावा झाल्यात, भांडारकर 205 वर गेला, निंबाळकर अजून उभाच. ब्रॅडमनचा जागतिक उच्चांक 452 नाबाद. दहा धावा. निंबाळकरनं आतापर्यंत 49 चौकार मारलेत. याला दहा धावांना किती वेळ लागेल हे तुम्हीच ठरवा.

खेळ विश्रांतीसाठी थांबतो. तंबूत हालचाल दिसते. काठियावाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब आहेत, आणि त्यांचं म्हणणं असं की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. महाराष्ट्राकडून विनवण्या होतात, एकदोन षटकं तरी खेळू द्या. ठाकोरसाहेब ऐकत नाहीत. आपल्या संस्थानाचं नाव जागतिक उच्चांकाच्या खाली छापून येणार, ही कल्पनाच त्यांना सोसवेना, असं म्हणतात. सामान बांधलं जातं, संघ निघून जातो. सामना सोडून दिलेला. निंबाळकर 443 वर, कायमचा. भारताकडून अधिकृत कसोटी त्याला कधीच खेळायला मिळणार नाही. पुढे तो रेल्वेकडून खेळेल, राजस्थानकडूनही. नोकरी जिथे, तिथे बॅट.

हा शेवटचा मुद्दा डोक्यात ठेवूनच याच मैदानावर थोडं मागे या. 1892. गवतावर एक तरुण रूळ ओढतोय. पळवणकर बाळू. पूना क्लब त्याला महिन्याला चार रुपये देतो. त्यात रूळ ओढणं, खेळपट्टीची निगा, आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी. फलंदाजी त्याच्या वाट्याला नाही. जातीनं चांभार, म्हणून हिंदू संघात घेतल्यावरही त्याचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात येणार. डावखुरी फिरकी पुढे 1911 साली इंग्लंडमध्ये शंभरावर गडी बाद करेल. आत्ता तो ग्रेग नावाच्या गोऱ्या फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकतोय. पुण्यात क्रिकेट कुणाच्या घामावर उगवलं हे बघायचं असेल तर इथे जरा जास्त वेळ थांबा. पगार देणारा ठरवतो कोण खेळणार आणि काय खेळणार. हा नियम चार रुपयांपासून चालत आलाय.

आता पुन्हा पुढे या, 1940-41 च्या मोसमात.

टिळक रस्त्यावर एस. पी. कॉलेज. 1916 साली न्यू पूना कॉलेज म्हणून सुरू झालेलं, पुढे सर परशुरामभाऊ. वर्गात दिनकर बळवंत देवधर संस्कृत शिकवताहेत. पन्नाशीला टेकलेले. पहिल्या दर्जाचा पहिला सामना ते 1911 साली खेळले, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधी. शेवटचा 1946 साली खेळतील, दुसरं संपल्यावर. 1926 मध्ये मुंबईत गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी 148 काढल्या, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. 1932 साली भारत पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला गेला तेव्हा चाळिशीचे म्हणून ते मागे राहिले. त्यांना कुणी खेळाडू म्हणून अजून धरतं, हेच मागच्या बाकावरच्या पोरांना नवल वाटतंय. घरी मुली बॅडमिंटन खेळताहेत. तारा, सुंदर आणि सुमन या तिघी लवकरच देशभर देवधर भगिनी म्हणून ओळखल्या जाणार आहेत. त्या घराच्या जेवणात काय असतं, ते शोधायला वेगळं तिकीट काढावं लागेल.

मैदानावर मुंबई आलीय. महाराष्ट्र 675. त्यात देवधरांच्या 246. तुम्ही बघत राहता: धाव घेताना घाई नाही, चेंडू पायाशी आला की मनगटानं नुसता वळवलेला, तिकडे पंचविशीतला क्षेत्ररक्षक धावतोय आणि इकडे प्राध्यापक टोपी सारखी करताहेत. मुंबई काही कच्च्या गुरूची चेली नाही. खंडू रांगणेकर 202 मारतो, विजय मर्चंट शतक. 650 होतात. पंचवीस धावांची आघाडी. पहिल्या डावाच्या आघाडीवर असे सामने सुटतात, त्यामुळे त्या पंचवीस धावा म्हणजेच विजय. 1949 च्या त्या सामन्यात 604 करून हार, इथे पंचवीस धावांवर जीत. हिशोब लावत बसू नका.

मागच्याच मोसमात महाराष्ट्रानं पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गड्यांनी हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. त्या मोसमात सांगलीच्या विजय हजारेनं बडोद्याविरुद्ध नाबाद 316 काढल्या, रणजीतलं पहिलं त्रिशतक. हजारे, रंगा सोहोनी आणि कप्तान देवधर: हा संघाचा कणा. यांतल्या कप्तानाचं पोट क्रिकेटवर नाही. कॉलेजचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, म्हणून ते पुण्यात राहू शकतात. संस्थानिकांचं बोलावणं आलं तर हसून नाही म्हणू शकतात. हजारेला ही मुभा नाही. इंदूरचे होळकर सी. के. नायडूंना कर्नल करून ठेवतात आणि पुढे चार वेळा रणजी नेतात. बडोद्याचे महाराज हजारेला पदरी घेणार आहेत. ज्या बडोद्याला त्यानं 316 मारल्या, त्याच बडोद्याकडून तो 1947 च्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर 577 धावांची भागीदारी करेल. आज बहुतेक क्रिकेटप्रेमी हजारे म्हटलं की बडोदा म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही.

महाराष्ट्राला विजेतेपदं दोनच का, या प्रश्नावर नशीब, निवड समित्या, मुंबईची दादागिरी अशी बरीच उत्तरं तुम्हाला या गाडीत मिळाली असतील. माझं उत्तर सोपं आहे. पुण्याकडे खेळाडू होते, त्यांना पोसणारी तिजोरी नव्हती. दोन मोसम ती उणीव एका कॉलेजच्या पगारपत्रकानं भरून काढली, तीही एकाच माणसापुरती. पुढेही देवधर थकणार नाहीत. 1944 साली, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात 105 आणि 141 काढतील. पण तोवर संघ फुटलेला असेल. 2009-10 मध्ये महाराष्ट्रानं वीस षटकांची मुश्ताक अली स्पर्धा जिंकली हे खरं. रणजी मात्र 1941 नंतर नाही. गंमत अशी की एकदिवसीय सामन्यांच्या दोन राष्ट्रीय स्पर्धांना नावं दिली गेली ती त्याच संघातल्या दोघांची, देवधर आणि विजय हजारे. 2022 साली विजय हजारे चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात पिंपरी-चिंचवडच्या ऋतुराज गायकवाडनं एका षटकात सात षटकार मारले. अंतिम सामन्यातही शतक केलं, आणि चषक सौराष्ट्रानं नेला.

तुमच्या तिकिटावर मात्र 1941 आहे, तेव्हा मद्रासला चला. अंतिम सामना यजमान मद्रासशी. हवा पुण्याच्या मानानं दमट, प्रेक्षक जाणकार, चांगल्या चेंडूला टाळ्या मिळतात, मग तो कुणाचाही असो. महाराष्ट्र सहा गड्यांनी जिंकतो. लागोपाठ दुसऱ्यांदा. तंबूपाशी गर्दी, हारतुरे, छायाचित्रं. हजारे एका बाजूला शांत उभा आहे. पुढच्या मोसमात तो कुठल्या संघाची टोपी घालणार हे तुम्हाला माहीत आहे. कुणाला सांगू नका, उगाच आनंदावर विरजण. पोरं म्हणताहेत, आता तिसऱ्या वर्षी पण आपणच. एकजण देवधरांना विचारायला जातो, आज रात्री इथेच राहायचं का. तुम्ही मधे पडून सांगू शकता की रायचूर, सोलापूरमार्गे पुणं फार लांब आहे, आणि प्राध्यापकांना परत जाऊन तास घ्यायचेत.