खारा वारा, गंज आणि बंदूक : शस्त्राला तेल का लागते?

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रमार्गे आले. त्यानंतर राज्याच्या किनाऱ्यावरील गस्त वाढली आणि पोलिसांच्या रायफली बोटींतून फिरू लागल्या. मालवण-देवगडच्या पट्ट्यात खिडकीचे गज आणि दुचाकीची साखळी किती लवकर गंजते, हे घरोघरी ठाऊक असते. तोच वारा रायफलीलाही लागतो. फरक इतकाच की साखळी अडली तर माणूस चालत घरी जातो. रायफल ऐनवेळी अडली तर जीव जाऊ शकतो.

रायफल अडते म्हणजे काय होते?

स्वयंचलित रायफलीत प्रत्येक गोळीमागे तीच साखळी घडते. काडतूस पेटते, वायूचा दाब बोल्टला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये बसते. मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने झाडणाऱ्या शस्त्रात हे सगळे एक दशांश सेकंदात उरकते. यातला एखादा भाग घर्षणाने किंचित मंदावला तरी पुंगळी अर्धवट अडकते किंवा नवे काडतूस पूर्ण बसत नाही.

लढाईत तेवढाही वेळ नसतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने धाव घेतली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर दांडक्यासारखी चालवली. त्या हल्ल्यात ते स्वतः मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची बंदूक बिघडली नव्हती, तिच्यातल्या गोळ्या संपल्या होत्या. पण अडलेली रायफल मोकळी करायला लागणारे चार-पाच सेकंद किती मोठे असतात, हे या प्रसंगावरून समजते.

वंगणाची तीन कामे

पहिले काम घर्षण कमी करण्याचे. दुसरे गंज रोखण्याचे. तिसरे काम सहसा ध्यानात येत नाही. दारू जळल्यावर उरणारी काजळी तेलामुळे मऊ राहते आणि पुसली की निघते. कोरड्या पृष्ठभागावर तीच काजळी खरपुडीसारखी घट्ट बसते. ही तिन्ही कामे एकाच द्रवाने करणारी तेले आता अनेक सैन्यांत वापरली जातात.

घरातले खोबरेल कुलपाला किंवा अडकित्त्याला चालून जाते, बंदुकीला चालत नाही. वनस्पतीतेल हवेशी संयोग पावून कालांतराने चिकट होते, आणि खोबरेल तर २४-२५ अंशांखाली गोठू लागते. म्हणून शस्त्रासाठी खनिज किंवा कृत्रिम तेल लागते.

किनाऱ्यावर मीठ काय करते?

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतो. मीठ आले की गंजाचा वेग वाढतो. मिठातला क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतो. शिवाय हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्त असते. त्यामुळे बोटीवर फवारा उडालेली रायफल सुकलेली दिसली तरी तिच्यावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य पापुद्रा राहतो. नुसते वरून तेल फासले तर मीठ तेलाखाली दडून आपले काम चालू ठेवते. म्हणून आधी मीठ काढायचे, मग कोरडे करायचे, मग तेल, हा क्रम मोडून चालत नाही.

जुन्या .३०३ रायफलींच्या बाबतीत तर मीठ काडतुसातूनच येई. त्या काळच्या अनेक काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड हे क्षार उरत. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्यामुळे गोळीबारानंतर नळीत आधी उकळते पाणी ओतायचे आणि मग तेलाचा बोळा फिरवायचा, अशी रीत होती.

तीनशे वर्षांपूर्वीची सूचना

ही काळजी या किनाऱ्याला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिले गेले. सिंधुदुर्ग किल्ला पुढे दीर्घकाळ त्याच गादीकडे होता. त्यात पावसाळ्यासाठी स्पष्ट सूचना आहे : तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने म्हणजे बत्ती देण्याची छिद्रे मेणाने बुजवावीत आणि तोफा झाकून ठेवाव्यात. दारूगोळ्याला सर्दी लागू देऊ नये आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने तो बाहेर काढून ऊन दाखवावे, असेही सांगितले आहे. तेल घर्षण व गंजासाठी, मेण पाणी अडवण्यासाठी आणि ऊन ओल काढण्यासाठी. आजच्या शस्त्रागारात सिलिका जेलच्या पुड्या असतात, त्यांचे कामही ओल शोषण्याचेच.

मग भरपूर तेल दिले की झाले?

नाही. ओले तेल धूळ आणि वाळू धरून ठेवते. काही जुन्या जपानी मशीनगनमध्ये काडतुसांनाच तेल लावण्याची सोय होती. धुळीत हेच तेल त्रासाचे ठरे. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होते. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोजवळ जर्मन सैन्याची शस्त्रे याच कारणाने अडू लागली. २००३ मध्ये इराकमधील नासिरिया येथे अमेरिकेच्या एका देखभाल तुकडीची शस्त्रे हल्ल्याच्या वेळी अडली. वाळवंटात त्यांची निगा पुरेशी राखली गेली नसावी, असे लष्करी अहवालात नोंदवले गेले.

शस्त्राची रचनाही तितकीच महत्त्वाची. अमेरिकी लष्कराने २००७ मध्ये चार प्रकारच्या रायफली धुळीत तपासल्या. प्रत्येक प्रकारच्या ६० हजार गोळ्या झाडल्या. एम-४ रायफल ८८२ वेळा अडली, तर एक्सएम-८ ही १२७ वेळा.

दोष एकट्या तेलाचा नसतो

व्हिएतनाममध्ये १९६६-६७ दरम्यान एम-१६ रायफल सतत अडल्याच्या तक्रारी आल्या. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. काडतुसातली दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि या रायफलीला फारशी सफाई लागत नाही या समजुतीमुळे अनेक सैनिकांना सफाईचे साहित्यच मिळाले नव्हते. दमट हवेत चेंबर गंजून खडबडीत होई आणि पुंगळी तिथेच चिकटे. पुढे क्रोमचा मुलामा आला, सफाईचे संच वाटले गेले आणि विल आइसनर या चित्रकाराकडून देखभालीची सचित्र पुस्तिका करून घेण्यात आली.

आपल्याकडे पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत, म्हणजे एआरडीईत आराखडा झालेल्या इन्सास रायफलीबद्दल १९९९ च्या कारगिल युद्धात तक्रारी आल्या. रायफल अडणे आणि थंडीत प्लास्टिकचे मॅगझिन तडकणे या त्यातल्या प्रमुख. तडकलेल्या मॅगझिनवर कोणतेही तेल उपाय करू शकत नाही.

किनाऱ्यावरच्या शस्त्राची निगा

सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुकाही बऱ्याच आहेत, काही तर ठासणीच्या. काळ्या दारूची राख ओल ओढून घेते, त्यामुळे अशा बंदुकीची नळी बार काढल्याच्या दिवशीच साफ व्हायला हवी. कापडी किंवा चामडी म्यानात बंदूक महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण म्यान ओल धरते. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, तेव्हा ती देण्याआधी पुसून तेलाचा पातळ हात द्यावा आणि परत आल्यावर नळी पाहूनच वापरावी. हे सगळे करण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे, याची खात्री करून घ्यावी.

पोलीस असो, नौसैनिक असो की शेतकरी, नियम सारखाच : हवेप्रमाणे वंगण निवडायचे आणि ठरल्या दिवशी ते द्यायचे. वाळवंटात किंवा बर्फात तेलाचे प्रमाण आणि प्रकार बदलतो. मालवणच्या पावसाळ्यात मात्र सफाईचा एक आठवडा चुकला, तरी गंज त्याची वाट पाहत थांबत नाही.