प्रस्तरारोहण मार्गांचे नामकरण

प्रस्तरारोहण मार्गांचे नामकरण म्हणजे कडे, सुळके व कातळभिंतींवरील चढाईच्या विशिष्ट मार्गांना नावे देण्याची प्रथा होय. जगात बहुतेक ठिकाणी मार्ग प्रथम पूर्ण करणाऱ्या आरोहकास त्याचे नाव ठेवण्याचा मान मिळतो. महाराष्ट्रातील सह्याद्रीत मात्र अनेक सुळक्यांना व कड्यांना आरोहक येण्यापूर्वीच परिसरातील लोकांनी नावे दिलेली होती, आणि त्यांवरील चढाईही बव्हंशी त्याच नावाने ओळखली जाते. त्यामुळे नाव ठेवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न येथे वेगळ्या रीतीने उभा राहतो.

नाव आणि श्रेणी

मार्गाची ओळख नाव आणि श्रेणी या दोन गोष्टींनी होते. श्रेणी चढाईची काठिण्यपातळी दाखवते आणि नंतरच्या आरोहकांच्या अनुभवानुसार ती बदलू शकते. नाव मात्र सहसा कायम राहते. एकाच कड्यावर अनेक मार्ग असतील, तर कोणत्या भेगेतून वा धारेवरून चढायचे हे नावावरूनच कळते. एकाकी सुळक्यावर प्रचलित मार्ग एखादाच असेल, तर सुळक्याचे नाव तेच मार्गाचे नाव होते. सह्याद्रीत ही दुसरी स्थिती अधिक आढळते.

सह्याद्रीतील नावे

दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट खडक पूर्वेकडे हिंगोली, नांदेडपर्यंत पसरलेला आहे. परंतु तेथील डोंगर ठेंगणे व उताराचे आहेत. उभे कडे आणि सुटे सुळके प्रामुख्याने पश्चिमेकडे, सह्याद्रीची धार कोकणात उतरते त्या पट्ट्यात आढळतात. आरोहणाशी संबंधित बहुतेक स्थाननामे याच पट्ट्यातील आहेत. त्यांचे ढोबळमानाने पुढील प्रकार पडतात.

आकारावरून: रायगडाजवळील लिंगाणा हे नाव त्याच्या शिवलिंगासारख्या आकाराशी जोडले जाते. साम्रद परिसरातील बाण सुळका बाणासारखा निमुळता आहे. मनमाडजवळील हडबीची शेंडी उभ्या अंगठ्यासारखी दिसत असल्याने 'थम्स अप' या नावानेही ओळखली जाते. खंडाळ्याजवळील कड्याला स्थानिक लोक नागफणी म्हणतात. इंग्रजांना त्याच खडकात ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचे नाक दिसले, म्हणून त्यांनी त्यास 'ड्यूक्स नोज' म्हटले. एकच खडक पाहणाऱ्यांच्या भिन्न संस्कृतींमुळे त्याला दोन निराळी नावे मिळाली.

नात्यांवरून: ठाणे जिल्ह्यातील माहुली किल्ल्याच्या परिसरात नवरा, नवरी, करवली आणि भटोबा हे सुळके आहेत. सुळक्यांच्या समूहाला येथे लग्नाच्या मांडवातील नाती मिळाली आहेत. आरोहकांमध्ये प्रसिद्ध असलेला वजीर सुळकाही याच परिसरात आहे.

श्रद्धेवरून व दिशेवरून: मुरबाड तालुक्यातील गोरखगड आणि त्याशेजारचा मच्छिंद्र सुळका यांची नावे नाथ संप्रदायातील गुरुशिष्यांची आहेत. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा त्याच्या कोकणाकडील तोंडामुळे त्या नावाने ओळखला जातो.

वाटांची नावे: अवघड डोंगरवाटांची नावे बहुधा वाटेचे स्वरूप सांगतात. हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या नळीची वाट व माकडनाळ, लिंगाण्याजवळील बोराट्याची नाळ आणि भीमाशंकरचा शिडी घाट ही याची उदाहरणे होत. 'नाळ' किंवा 'नळी' म्हणजे दोन कड्यांमधील अरुंद, तीव्र उताराची घळ. अशा ठिकाणी नाव ऐकूनच वाटसरूस पुढील चढाचा अंदाज येतो.

चढाईच्या स्मरणार्थ नावे

कडा चढणाऱ्या वा उतरणाऱ्या व्यक्तीचे नाव त्या जागेस मिळण्याची परंपरा महाराष्ट्रात आधुनिक प्रस्तरारोहणाहून जुनी आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी सिंहगडाचा (तत्कालीन कोंढाणा) जो कडा चढून गड घेतला, तो डोणागिरीचा कडा पुढे तानाजी कडा म्हणून ओळखला जाऊ लागला. रायगडावरील हिरकणी बुरुजाची कथा उतरणीची आहे. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरी ठेवलेल्या तान्ह्या बाळासाठी हिरकणी नावाची गवळण रात्री कडा उतरून गेली आणि त्या जागी बांधलेल्या बुरुजास तिचे नाव दिले गेले, अशी आख्यायिका आहे. या दोन्ही ठिकाणी नाव चढणाऱ्याने स्वतः ठेवलेले नाही. ते इतरांनी दिले आहे.

आधुनिक काळातील उदाहरण नाशिक जिल्ह्यातील हरिहर किल्ल्याच्या 'स्कॉटिश कड्या'चे आहे. १९८६ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट (१९४१–२०२०) यांनी केलेल्या चढाईवरून हे नाव रूढ झाले. स्कॉट हे इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे होते; नावाचा संबंध त्यांच्या आडनावाशी आहे, स्कॉटलंडशी नाही.

जगातील प्रथा

अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन या कड्यावरील 'द नोज' हा मार्ग १९५८ मध्ये प्रथम चढला गेला. त्याचे नाव कड्याच्या पुढे आलेल्या नाकासारख्या धारेवरून आहे. जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिश यांनी १९९१ मध्ये चढलेला 'आक्सिओं दिरेक्त' हा मार्ग एका फ्रेंच सशस्त्र गटाच्या नावाने ओळखला जातो. चेक आरोहक आदम ओंद्रा यांनी २०१७ मध्ये नॉर्वेत पूर्ण केलेल्या मार्गास 'सायलेन्स' हे नाव दिले. तोवर तो 'प्रोजेक्ट हार्ड' या कामचलाऊ नावाने ओळखला जात होता. ९सी ही श्रेणी सुचवला गेलेला तो पहिला मार्ग होय.

नामांतर आणि वाद

नाव ठेवण्याच्या हक्काविषयी सर्वत्र एकमत नाही. फ्रान्समधील सेयूज येथील एका मार्गावर जाँ-क्रिस्तोफ लाफाय यांनी १९८९ मध्ये बोल्ट बसवले आणि त्यास 'बिओग्राफी' म्हटले. २००१ मध्ये अमेरिकन आरोहक ख्रिस शर्मा यांनी तो प्रथम पूर्ण चढून त्यास 'रिअलायझेशन' हे नाव दिले. फ्रेंच रीतीनुसार मार्ग तयार करणाऱ्याचे नाव ग्राह्य, तर अमेरिकन रीतीनुसार प्रथम चढणाऱ्याचे. त्यामुळे दोन्ही नावे वापरात राहिली. वंशभेदी किंवा स्त्रियांचा अवमान करणारी नावे बदलण्याची मागणीही २०२० पासून अमेरिकेत जोर धरू लागली आणि काही मार्गांची व कड्यांची नावे बदलण्यात आली.

सह्याद्रीत वाद कमी असले, तरी नावांची सरमिसळ आढळते. नाणेघाटाजवळ जीवधन किल्ल्यालगतच्या सुळक्यास वानरलिंगी, वांदरलिंगी आणि खडा पारशी अशी तीन नावे आहेत. मुंबईत भायखळा येथील प्रसिद्ध पुतळाही 'खडा पारशी' या नावानेच ओळखला जातो. परिसराची माहिती नसलेल्या व्यक्तीस ही तीन नावे तीन निरनिराळ्या सुळक्यांची वाटू शकतात.

महत्त्व

नाव निश्चित असण्याचा सर्वांत व्यावहारिक उपयोग बचावकार्यात होतो. अपघाताची खबर देणारा एक नाव सांगत असेल आणि मदतीस निघालेल्या ग्रामस्थांना दुसरेच नाव परिचित असेल, तर मोलाचा वेळ वाया जाऊ शकतो. लिप्यंतरानेही गोंधळ वाढतो. रोमन लिपीत 'ळ' व 'ल' एकाच अक्षराने लिहिले जात असल्याने 'नळी'चे पुन्हा देवनागरीत लिहिताना 'नाली' होऊ शकते आणि नावातून कळणारे वाटेचे स्वरूप हरवते. म्हणून मार्गाची नोंद करताना स्थानिक उच्चारानुसार देवनागरी नाव, अन्य प्रचलित नावे, पायथ्याचे गाव आणि नावामागील कारण ज्ञात असल्यास ते, अशी एकत्र नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.