वजनकाटा आणि कूस : एका मोजमापाचा इतिहास

मराठी मध्यमवर्गात गेल्या काही दशकांत एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे : ‘चान्स घेणे’. पूर्वी बाईला ‘दिवस जात’, ‘दिवस राहत’. तिची ‘कूस उजवे’. या वाक्यांत कर्ता दिवस असतात, कूस असते. बाई कर्ता नसते. ‘आम्ही आता चान्स घेतोय’ या वाक्यात मात्र ‘आम्ही’ कर्तेपदी येतो. मूल होणे ही घटना होती, तिचा निर्णय झाला. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू करणाऱ्या आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले, ते या एका क्रियापदापर्यंत येऊन पोचले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

काही महिन्यांपूर्वी एका तरुण सहकारी प्राध्यापिकेने शिक्षककक्षात आपली हकीकत सांगितली. लग्नाला चार वर्षे झालेली, दोघांनी विचारपूर्वक ठरवलेले, म्हणून दोघेही डॉक्टरांकडे गेले. तिला काट्यावर उभे केले, उंची मोजली, आकडेमोड झाली आणि निकाल मिळाला : आधी दहा किलो उतरवा, मग या. नवऱ्याला काट्यावर उभे राहायला कोणी सांगितले नाही. “निर्णय आमचा होता असं वाटत होतं, पण परवानगी काट्याकडून घ्यायची आहे हे तिथं कळलं,” असे ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा शरम अधिक होती, आणि तीच मला अस्वस्थ करून गेली. ज्या आकड्याने ही शरम उत्पन्न केली, तो आला कुठून आणि हा प्रश्न सोडवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, याचा शोध घ्यावासा वाटला.

देहाचा आकार आणि अपत्यप्राप्ती यांचा संबंध प्राचीनांना ठाऊक होता. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ‘वायू, जल आणि स्थळ’ यांविषयीच्या ग्रीक ग्रंथात सिथियन लोकांचे वर्णन आहे. त्यांच्या स्त्रियांना मूल का होत नाही, याचे कारण ग्रंथकार त्यांच्या मेदात शोधतो आणि पुरावा म्हणून त्यांच्याच दासींकडे बोट दाखवतो : कष्टाने कृश राहिलेल्या या दासींना गर्भ लगेच राहतो. पण तो तेथेच थांबत नाही. सिथियन पुरुषांच्या शिथिल देहाला आणि अखंड घोडदौडीलाही तो तितकेच जबाबदार धरतो.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा अध्याय आहे. अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोम, अलोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश अशा आठ निंदित देहांची ती यादी. त्यांपैकी अखेरच्या दोघांचाच विस्तृत विचार होतो, आणि त्या दोहोंत स्थौल्यापेक्षा कृशता बरी, असा कौल दिला जातो. अतिस्थूलाच्या आठ दोषांत ‘कृच्छ्रव्यवायता’, म्हणजे समागमातील कष्ट, हा एक आहे. त्याचे कारण देताना संहिताकार शुक्राची अल्पता आणि मेदाने अडलेला मार्ग यांचा उल्लेख करतो. म्हणजे येथे तपासला जाणारा देह पुरुषाचा आहे. सुश्रुतानेही गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक सांगितले. एकट्या क्षेत्रावर भार टाकला नाही. प्राचीनांचे शरीरज्ञान आज टिकणारे नाही, त्यांची ‘निंदित’ ही संज्ञाही क्रूर आहे. परंतु नवऱ्याला खुर्चीत बसवून बाईला तेवढे काट्यावर चढवण्याची रीत या ग्रंथांतून आलेली नाही.

वजन आणि गर्भ यांचे आधुनिक ज्ञान मुख्यतः भुकेतून आले. वऱ्हाडात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. तेथील जन्ममृत्यूंच्या सरकारी नोंदींचा अभ्यास लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. दुष्काळात मृत्यू वाढतात हे सांगायला नोंदवही लागत नाही. पण गर्भधारणाही घटतात, हे जन्मांच्या रकान्यातून दिसते. त्या घटीत उपासमार किती, विस्थापन किती आणि दांपत्यांची ताटातूट किती, हे वेगळे काढणे अवघड. नेदरलंड्समधील १९४४-४५ च्या ‘भुकेच्या हिवाळ्या’ने हा संबंध अधिक स्पष्ट केला. जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिमेकडील शहरांत माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. असंख्य स्त्रियांची पाळी थांबली, आणि नऊ महिन्यांनी तेथील जन्म सुमारे निम्म्यावर आले. ही घट कष्टकरी वर्गात अधिक होती. त्या स्त्रियांनी कोणताही निर्णय घेतला नव्हता. तो त्यांच्या देहाने परस्पर घेतला होता.

पुढे १९७४ साली रोज फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले, की पाळी सुरू होण्यासाठी देहात सुमारे १७ टक्के आणि ती नियमित राहण्यासाठी सुमारे २२ टक्के मेद लागतो. हे आकडे मेद प्रत्यक्ष मोजून नव्हे, तर उंची-वजनावरून अंदाजाने काढलेले होते, म्हणून त्यांवर टीकाही झाली. परंतु १९९४ साली मेदपेशींतून मेंदूला संदेश देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला, आणि मेद व प्रजनन यांचा संवाद असतो, हे मूळ म्हणणे बळकट झाले.

आता त्या आकड्याकडे वळू. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, ही रीत बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ क्वेटले यांच्या निरीक्षणातून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आली. क्वेटले वैद्य नव्हते, खगोलशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांना रोगी तपासायचा नव्हता. ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी दिले. त्यांनी तपासलेले सात हजारांहून अधिक देह पाच देशांतील होते, आणि ते सर्व पुरुषांचे होते. योगायोग असा, की याच कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ तरुण स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवून उपासमारीचा प्रयोग केला होता. त्या पुरुषांचे वजन सुमारे पावपट घटले आणि त्यांची कामेच्छा जवळजवळ मावळली. पुरुषाच्या वजनाचाही प्रजननाशी संबंध आहे, याचा पुरावा त्या निर्देशांकाच्या नामकर्त्यापाशीच होता.

हा आकडा आपल्या देहांना कितपत लागू पडतो? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले छायाचित्र छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३, मेद मात्र युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून पाहणी केली. त्या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि बाळांचे सुमारे २.७ किलो. ही बाळे दिसायला किरकोळ, पण मेद राखून असलेली होती. आणि वजन, उंची, धुणी, पाणी, शेत यांचा भार वाहणाऱ्या त्या मातांना ‘आधी चार किलो वाढवा, मग चान्स घ्या’ असे कोण सांगणार होते? मुंबईच्या वस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा खाऊ देऊन पाहिला गेला. ज्यांनी तो किमान तीन महिने आधीपासून खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन थोडे वाढले. मात्र सर्वांत कृश स्त्रियांच्या बाळांना लाभ झालेला दिसला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची भूक काही महिन्यांच्या खाऊने फिटत नाही.

दुसऱ्या टोकाला माझ्या सहकारी मैत्रिणीचा प्रश्न उभा आहे. अतिस्थूलतेने गर्भारपणात मधुमेह, रक्तदाब आणि गर्भपात यांची जोखीम वाढते, आणि बीजकोशाच्या विकारात वजन उतरल्याने पाळी मार्गी लागू शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘आधी वजन, मग उपचार’ हा क्रम तितका निर्विवाद नाही. नेदरलंड्समध्ये वंध्यत्वाच्या उपचारासाठी आलेल्या ५७७ स्थूल स्त्रियांपैकी काहींना सहा महिने वजन घटवायला लावले, इतरांवर थेट उपचार केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पहिल्या गटात उपचाराविना गर्भ राहण्याचे प्रमाण वाढले. पण पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण मात्र वाढले नाही. शिवाय थांबण्याच्या काळात वय पुढे सरकत राहते, आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या स्त्रीला दहा किलोंइतकीच किंमत एका वर्षाचीही असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्के निर्देशांकाच्या खालच्या मर्यादेच्याही खाली, तर २४ टक्के वरच्या मर्यादेच्या पलीकडे होत्या. एकीला पोटभर मिळत नाही आणि दुसरीला शरम वाटते. दोघींनाही काटा एकच प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर त्यांनी एकट्यांनी द्यावे अशी अपेक्षा असते. आकडा सल्ला देऊ शकतो, इशारा देऊ शकतो. परंतु सरासरी पुरुष शोधण्यासाठी निघालेल्या भागाकाराने एका विशिष्ट स्त्रीला आई होण्याची अनुमती द्यावी किंवा नाकारावी, याला इतिहासात कोणताही आधार सापडत नाही.

मैत्रिणीला मी एवढेच सुचवले, की पुढच्या भेटीत नवऱ्यालाही काट्यावर उभे करावे. ‘आम्ही’ हा कर्ता मराठीने मोठ्या कष्टाने मिळवला आहे; तपासणीच्या खोलीत त्याचे पुन्हा ‘ती’ होऊ नये.